मांडव उघड्यावर घाला, आम्ही येऊ

सांगली, नोव्हेंबर २०२१

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये लग्नं, बारशी, नाटकं, मैफली आणि सत्कार समारंभ भरवणाऱ्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली आणि पत्रिका यायला लागल्या. आमच्या माजघरात पत्रिका अडकवायचा एक खिळा आहे. कोरोनाची टाळेबंदी लागल्यापासून त्याला लाइट बिलंच अडकवत होतो. आता बिलं काढून फडताळात ठेवावी लागली, इतक्या पत्रिका आल्यात. तुळशीची लग्नं उरकली की मुहूर्त सुरू होतील. मला याचा मनापासून आनंद आहे, आणि तो आधीच सांगून टाकते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणू नये की हिला समारंभच नकोत.

मी गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत राहते आणि घरी ब्लाउज शिवते. माझी निम्म्याहून जास्त कमाई लग्नसराईतली. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा नवऱ्यामुलींचे शिवून, हुक लावून तयार असलेले ब्लाउज माझ्या कपाटात तसेच पडून राहिले. मग लग्नं झाली ती दारातच, मोजक्या माणसांत. आपल्याकडं 'यादी पे शादी', म्हणजे याद्या करायला बसायचं आणि त्याच बैठकीत लग्न लावून मोकळं व्हायचं, हे पूर्वीपासून आहेच. त्या वर्षी ती गरीब-श्रीमंत सगळ्यांनीच केली. नवरीचा एक ब्लाउज शिवायचा, करवल्यांचं काहीच नाही, आत्या-मावश्यांचं काहीच नाही. तेव्हा समारंभ व्हावेत, भरपूर व्हावेत, वाजतगाजत व्हावेत, ही माझी गरज आहे. मांडववाले, आचारी, वाढपी, बँडवाले, फुलवाले, नाटकाचा पडदा ओढणारे, यांच्या घरात गेल्या वीस महिन्यांत काय चाललं होतं ते मला कुणी सांगायला नको. यातल्या कितीतरी घरांतल्या बायका माझ्याकडं कपडे शिवायला येतात, आणि आपल्यालाच काही शिलाईचं काम मिळेल का म्हणून विचारायलाही आल्या आहेत.

आता आमच्या घराबद्दल सांगते, कारण अशी घरं या शहरात हजारोंनी आहेत आणि तुमच्या पत्रिका अशाच घरांत येऊन पडतात.

सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणते. सत्तरी ओलांडली आहे, साखर आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, एप्रिलमध्ये मिरजेला ऑक्सिजनवर होत्या. घरी आल्या, देवाची कृपा. पण अजून जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की गर्दीत नेऊ नका. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. थोरली आठवीत, ४ ऑक्टोबरला शहरात आठवीच्या पुढचे वर्ग सुरू झाले तेव्हापासून ती शाळेत जाते. धाकटा सहा वर्षांचा. त्याची शाळा अजून माझ्या मोबाइलवरच भरते. आम्हा चौघा मोठ्यांचे लसीचे दोन्ही डोस झाले आहेत. पोरांना लस नाही, अठरा वर्षांखालच्या कुणालाच अजून सुरू झालेली नाही.

या सहा जणांचं एक गणित रोज मांडावं लागतं. या आठवड्यात थोरलीची परीक्षा आहे, म्हणजे ती वर्गात बसणार. नवऱ्याला सौद्याच्या दिवशी माणसांत उभं राहावंच लागतं. मग चुलत नणंदेच्या घरच्या लग्नाला कुणी जायचं? मी गेले तर घरी आल्यावर आईंच्या जवळ बसायचं की नाही? थोरली विचारते, "मी चाळीस मुलींच्या वर्गात बसते, मग लग्नात बसले तर काय होतं?" तिचा प्रश्न बरोबर आहे. मी तिला सांगते की शाळा टाळता येत नाही आणि लग्न टाळता येतं, म्हणून लग्न टाळायचं. तिला हे पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटत नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलीला आतेबहिणीच्या लग्नात करवली म्हणून मिरवायला पुन्हा कधी मिळणार? ते वय निघून जातं. घराघरांत सध्या जे वाद होताहेत ते याच्यावरूनच. एकाला वाटतं आता पुरे झालं, दुसऱ्याला वाटतं एवढं सांभाळलं तर आणखी थोडं सांभाळू. दोघंही एकाच ताटात जेवणारे.

तुम्हाला मात्र बाहेरून एवढंच दिसतं की अमुक घरचे आले नाहीत. मग बोलणी होतात. एवढे काय घाबरतात, दोन-दोन सुया घेतल्यात, बाजारात तर दिसतात, आमच्याच कार्याला यायला कसं जमत नाही. हे मी कानांनी ऐकलंय. तुमच्यातल्या कुणी ते वाईट मनानं म्हटलं नसेल. म्हणूनच हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, की आम्हाला यायचं आहे. आम्ही येऊ शकू अशी सोय करणं बरंचसं तुमच्या हातात आहे, आणि ती सोय महागही नाही.

दिवाळीच्या आधी एका साखरपुड्याला आम्ही सहाही जण गेलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तसली कार्यालयं बरीच आहेत. दारात एका मुलानं प्रत्येकाच्या कपाळापुढं तापमान बघायचं यंत्र धरलं, हातावर सॅनिटायझर दिलं, गुलाबपाणी शिंपडलं. हे सगळं मनापासून चाललं होतं. आत गेलो तर एसी लावल्यामुळं खिडक्या बंद, त्यांच्यावर मखमली पडदे, आणि जेवण खाली तळघरात, जिथं खिडकीच नाही. स्पीकरचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायला तोंड कानाशी न्यावं लागत होतं, आणि बोलायचं म्हणून लोक मास्क हनुवटीवर ओढत होते. आईंना ठसका लागला. लोक वळून बघायला लागले. आजकाल ठसक्याला माणसं जशी बघतात तशीच. त्या शरमल्या. आम्ही त्यांना घेऊन बाहेर आलो.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत कडुनिंबाचं मोठं झाड होतं. तिथं आधीच पाच-सहा वयस्क माणसं खुर्च्या टाकून बसली होती. कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी आतून ताटं आणून दिली. नवऱ्या मुलाची आजीही मग बाहेर येऊन बसली. तासभर आम्ही तिथं होतो, आणि आईंनी कितीतरी दिवसांनी आपल्या मामेबहिणीशी पोटभर गप्पा मारल्या. मग माझ्या मनात आलं की मुळात सगळा कार्यक्रमच इथं झाला असता तर! जागा होती, सावली होती, वारा होता. ज्यांनी आत एवढा खर्च केला त्यांनाही हे परवडलं असतं.

हा आजार पसरतो कसा, ते आता पुष्कळ स्पष्ट झालं आहे. पहिल्या वर्षी आपण सगळे भाज्या धूत होतो, दाराच्या कड्या पुसत होतो. या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं एक पत्रक काढलं, ते थोरलीनं मला वाचून दाखवलं. तोंडातून उडणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण अगदी बारीक कण हवेत तरंगत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं त्यात आहे. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आतली हवा बाहेर टाकणारे पंखे लावा, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. बंद खोलीत नुसता पंखा फिरवला तर तीच हवा सगळ्यांच्या तोंडावर येते. स्वयंपाकघराची खिडकी लावून मिरचीची फोडणी दिली तर बाहेरच्या खोलीतल्या माणसाला ठसका लागतो; तीच फोडणी परसात चुलीवर दिली तर शेजारी बसलेल्यालाही फारसं जाणवत नाही. यापेक्षा जास्त शास्त्र मला माहीत नाही, आणि समारंभ भरवायला एवढं पुरतं.

दारातल्या त्या यंत्राचं म्हणाल तर ज्याला ताप नाही त्याच्याकडूनही हा आजार लागतो. आमच्या आईंना ज्यांच्याकडून लागला असेल त्यांना त्या दिवशी ताप नव्हता, खोकला नव्हता. तेव्हा दारात उभा केलेला तो मुलगा आत पाठवा आणि त्याला खिडक्या उघडायला सांगा. पडदे बांधायला सांगा. एवढंच केलंत तरी मी तुमचे आभार मानीन.

सरकारनं ऑगस्टमध्ये लग्नांना परवानगी दिली तेव्हा बंद कार्यालयात १०० माणसं आणि खुल्या जागेत २०० अशी मर्यादा घातली होती. आपल्याकडं ती मर्यादा किती पाळली जाते ते तुम्ही-आम्ही जाणतो, त्यावर मी इथं लिहीत नाही. पण त्या आदेशात एक समज आहे. उघड्यावर दुप्पट माणसं चालतील, असं ज्यांनी आदेश काढला त्यांनीही मानलं. मग जास्त माणसं बोलवायची हौस असेल तर तुमच्याच सोयीचं आहे ना, की लॉन घ्या, शाळेचं मैदान घ्या, शेतातलं खळं घ्या, दारापुढचा रस्ता गल्लीला विचारून घ्या! आपले आजे-पणजे दारात मांडव घालूनच लग्नं करत. मांडवाला वर छत हवं, कारण यंदा अवकाळीची धास्ती तासगावच्या द्राक्षवाल्यांइतकीच मांडववाल्यांनाही आहे. पण चारी बाजूंनी कनाती ओढून घेतल्या की त्या मांडवाचं पुन्हा कार्यालयच होतं. निदान दोन बाजू मोकळ्या राहू द्या. शोभेसाठी झेंडूच्या माळा सोडा.

जेवणाचं तर नक्कीच उघड्यावर करा. अक्षता टाकताना माणूस मास्क लावून उभा राहू शकतो. जेवताना मास्क काढावाच लागतो, आणि सगळ्यांत जास्त वेळ, सगळ्यांत जवळ, सगळ्यांत मोठ्यानं बोलत आपण जेवतानाच बसतो. मला स्वतःला पंगत आवडते, वाढप्याचा आग्रह आवडतो. पण सध्या त्यातल्या त्यात बरं म्हणजे लांबलांब बाक टाकून, पाठीला पाठ न लावता, वाऱ्याच्या तोंडाला बसवणं. आणि वाढप्यांना मास्क द्या. नुसते देऊ नका, भट्टीपाशी घामेजला की बदलायला दुसरा द्या. रोज एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाणारा माणूस तोच असतो, आणि त्याच्याही घरी म्हातारी माणसं आहेत.

इथं मला माझ्या नणंदेबद्दल लिहायचंय. यजमानानं काय करावं ते मी तिच्याकडून शिकले.

या जुलैत पूर आला. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते आठवून यंदा चाळीस फूट म्हटल्यावरच लोक सामान वर चढवायला लागले. धोक्याची पातळी ४५. यंदाही पाणी ५४ फुटांच्या वर गेलं, मारुती चौक पाण्यात. आणि तेव्हा आपल्या जिल्ह्यात कोरोना उतरलेला नव्हता. मुंबई-नागपूर मोकळं व्हायला लागलं तरी सांगली-कोल्हापूर-सातारा निर्बंधातच होते, ऑगस्टच्या सुरुवातीलाही. तर पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आमच्यापुढं प्रश्न होता की आईंना कुठं न्यायचं. निवारा केंद्रात एका हॉलमध्ये शेकडो माणसं असणार. ऑक्सिजनवरून उठून आलेल्या बाईला तिथं नेऊन झोपवायचं? आणि घरी ठेवावं तर पाणी.

नणंद विश्रामबागेत राहते, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. तिची चार माणसं आणि आम्ही सहा. तिनं फोनवर "या" म्हटलंच, पण आम्ही पोचायच्या आत तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. गॅलरीत आईंची कॉट टाकली, वर ताडपत्री बांधली, दोन रग ठेवले. पाऊस असूनही सगळ्या खिडक्या फटीपुरत्या उघड्या ठेवल्या आणि खाली फडकी पसरली. जेवणं दोन पाळ्यांत, आधी पोरं, मग मोठी. तिचा मुलगा कामानिमित्त रोज बाहेर जायचा, तो आमच्यासमोर मास्क काढायचा नाही, झोपायला शेजारच्यांच्या गच्चीवरच्या खोलीत. यातलं काहीही आम्ही मागितलं नव्हतं. मागायची लाज वाटली असती. आधीच सहा माणसं घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, वर अटी कुठल्या घालणार? तिनं ती लाज आमच्यावर येऊच दिली नाही. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो, आणि कुणी आजारी पडलं नाही.

तुम्ही सगळे यजमान आहात, म्हणून हे सांगितलं. पाहुण्याला विचारावं लागू नये, एवढं करा. आमच्यासारख्या माणसाला फोन करून "अहो, तुमचा हॉल बंद आहे का, खिडक्या उघडणार का, किती माणसं येणार" असं विचारणं फार जड जातं. लग्नघरी असले प्रश्न अशुभ वाटतात. मग आम्ही विचारत नाही, आणि येतही नाही. याऐवजी पत्रिकेच्या खाली, नाहीतर पत्रिकेबरोबर व्हॉट्सॲपवर, चार ओळी लिहा. कार्य लॉनवर आहे की हॉलमध्ये. जेवण कुठं. ज्येष्ठांना आणि लहान मुलांच्या आयांना बसायला उघड्यावर वेगळी जागा आहे का. गर्दी नको असेल त्यांनी कितीच्या सुमारास यावं. मुहूर्त साडेबाराचा असला तरी सकाळी दहाला माणसं तुरळक असतात. वधू-वरांना तेवढ्यात भेटून, आशीर्वाद देऊन आबा आणि आई परत येऊ शकतील. आणि शेवटी एवढंही लिहा की येणं जमलं नाही तरी आमचा राग नाही. या एका वाक्यानं किती घरांतली भांडणं मिटतील याची तुम्हाला कल्पना नाही. उद्या आपल्या पोरांच्या लग्नाला ती माणसं येणार नाहीत, या भीतीनं आज कितीतरी जण मन मारून जातात.

लहान मुलांबद्दल एक विनंती. आमच्या धाकट्यानं आजवर माणसं ओळखली ती डोळ्यांवरून. टाळेबंदी लागली तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता, त्याला आधीचं फारसं आठवत नाही. गर्दी, बँड, डॉल्बी, अनोळखी माणसं एकदम अंगावर येणं, हे सगळं त्याला नवं आहे. त्या साखरपुड्यात त्याला तीन जणांनी उचलून घेतलं, एकीनं त्याचा मास्क काढून "बघू तरी कसा दिसतो" म्हणत गालगुच्चा घेतला. प्रेमानंच घेतला. तो रडून माझ्या पदरात शिरला, तर म्हणाल्या, "घरकोंबडा झालाय हो अगदी." असं नका म्हणू. तो घाबरट नाही. गेल्या महिन्यात आम्ही त्याला मिरज-पंढरपूर रस्त्यावरून दंडोबाच्या डोंगरावर नेलं, तर हा सगळ्यांच्या पुढं. हरिपूरच्या संगमावर नेलं तर कृष्णा कुठली आणि वारणा कुठली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटला. मोकळ्यावर तो अनोळखी माणसांशी आपणहून बोलतो. पोरांना पाया पडायला लावू नका, उचलू नका, मास्क काढायला सांगू नका. ती थोड्या वेळानं आपणच येतात. आणि लहान मुलांना काही होत नाही, असं म्हणून सोडून देऊ नका. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून-जुलैत देशभर रक्त तपासलं तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या मुलांतही ५७.२ टक्क्यांना आजार होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. पोरांना तो जाणवला नाही, हे आपलं नशीब. पण पोरं रात्री आजीच्याच कुशीत झोपतात.

आता नाटकवाल्यांसाठी. आबा तरुणपणी हौशी नाटकांत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून इतरांची वाक्यं सांगण्यात त्यांनी आयुष्यातल्या चांगल्या रात्री घालवल्या, आणि १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं म्हणून महाराष्ट्रात नाटक आहे, हे ते दारात आलेल्या गॅसवाल्यालाही सांगतात. गेल्या वर्षी बरोबर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली होती; एप्रिलमध्ये पुन्हा कुलपं लागली. आता २२ ऑक्टोबरपासून परत उघडलीत. यंदा रंगभूमी दिन आणि पाडवा एकाच दिवशी आला. आबांनी सकाळी ओवाळून घेतलं, नवी टोपी घातली आणि म्हणाले, "या महिन्यात मला एक नाटक बघायचंय." आम्ही कुणीच काही बोललो नाही. तेही मग जेवताना गप्प होते.

निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या तरी हवा तीच असते, आणि तीन अंकी नाटकात माणूस तीन तास त्याच हवेत बसतो. म्हणून माझी विनंती आहे की प्रयोगाआधी तासभर सगळी दारं उघडी ठेवा. मध्यंतर मोठं करा आणि प्रेक्षकांना चहासाठी बोळात उभं न करता अंगणात सोडा. सकाळचा प्रयोग लावता आला तर लावा; सकाळी दारं उघडी ठेवून नाटक होऊ शकतं का, हे प्रकाशयोजना करणाऱ्यांनी सांगावं, मला त्यातलं कळत नाही. आणि हौशी मंडळींनो, तुम्ही तर बाहेर या. एकांकिका शाळेच्या मैदानात करा, आमराईत करा, कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर माणसं बसवून करा. मिरजेला दर्ग्याच्या आवारात आणि अंबाबाईच्या देवळात रात्ररात्र गाणी होत आली आहेत. आभाळाखाली बसून मोठ्ठ्या कलावंतांना ऐकायची आपल्या लोकांना सवय आहे. नेपथ्याचा खर्च वाचेल. तिकीट लावायला अवघड जाईल हे मला कळतं, पण झोळी फिरवा. आमची गल्ली टाकील झोळीत. आबांना मी स्कूटरवरून आणीन आणि लांब, पायऱ्यांच्या टोकाला बसवीन.

खेड्यापाड्यातून पाहुणे बोलावणाऱ्यांनी आणखी एक बघावं. एसटीचा संप सुरू आहे. मग जतहून, आटपाडीहून येणारा पाहुणा वडापनंच, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या खासगी गाडीनंच येणार, आणि वडापमध्ये माणसं कशी कोंबतात ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. तुमचा मांडव कितीही मोकळा असला तरी आधी दीड-दोन तास तो पाहुणा एकमेकांच्या मांडीवर बसून आलेला असेल. जमत असेल त्यानं गावातल्या गावात एखादी गाडी ठरवून द्यावी, काचा उघड्या ठेवून. न जमल्यास वयस्क माणसांना येऊ नका म्हणून प्रेमानं सांगावं, आणि सवडीनं वधू-वरांनीच त्यांच्या दारात जाऊन पाया पडावं. पूर्वी नवी नवरी गावदेवाला आणि भावकीत घरोघर जायचीच.

कुणी म्हणेल, आता कोरोना संपतच आलाय, रुग्ण कमी झालेत, शंभर कोटी डोस झाले, ही बाई आता कशाला हे काढते? रुग्ण कमी झालेत म्हणूनच आता काढते. फेब्रुवारीतही कमी झाले होते. तेव्हाही अशीच लग्नं लागली आणि एप्रिल-मेमध्ये मिरजेच्या दवाखान्यांबाहेर आपण कुठं कुठं उभं होतो ते आठवा. पुन्हा तसं होईल असं मी म्हणत नाही. होऊ नये, आणि तुमचे मांडव या खेपेला बंद करावे लागू नयेत, यासाठीच हे सगळं लिहिलंय. ज्याची एक सुई राहिली असेल त्यानं पत्रिका वाटायच्या आधी ती घ्यावी. सध्या आशाताई आणि नर्सताई घरोघर फिरून लस द्यायला येताहेत, त्यांना दारातून परत पाठवू नका.

मी स्वतः गेल्या वर्षीपासून गिऱ्हाइकाला आत घेत नाही. ओट्यावर पडदा लावून तिथंच मापं घेते, शिवलेलं घालून बघायला परसातली न्हाणीघराची खोली आहे, तिला झरोका आहे. सुरुवातीला बायकांना चमत्कारिक वाटलं, दोघी-तिघी दुसरीकडं गेल्या. त्या परत आल्या, आणि येताना आपल्या सासूलाही घेऊन आल्या, कारण म्हाताऱ्या बाईला बसायला ओटाच बरा वाटतो.

येत्या आठवड्यात आमच्या वाड्यातल्या चार घरांचं मिळून तुळशीचं लग्न आहे. अंगणात आहे, संध्याकाळी सहाला. वर उसाचा मांडव, बाजूंना काही नाही. चिरमुरे, ऊस आणि आवळे पुड्यांत बांधून देणार, ज्यानं त्यानं घरी नेऊन खावं. मंगलाष्टका आबा म्हणणार, माइकशिवाय. मास्क लावून या, पोरांना आणा. आणि तुमच्या कार्यात हे कसं जमवता येईल याबद्दल कुणाला बोलायचं असेल तर मी त्या दिवशी तिथंच असेन; नंतर दुपारी दोन ते पाच ओट्यावर मशीनपाशी.

आपली,
गावभागातली एक शिवणकाम करणारी